अस्थींची बरणी

त्या कुप्यांमध्ये अश्रू नव्हते. गेली सहा वर्षं मी हे दर बुधवारी लोकांना सांगते आहे, आणि गेली सहा वर्षं ते कोणालाही आवडलेलं नाही.

न्यू जर्सीतल्या एका छोट्या म्युझियममध्ये मी बिनपगारी गाइड आहे. माझ्याकडे रोमन काचेचं दालन आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांमधून निघालेल्या बोटभर उंचीच्या, लांब मानेच्या कुप्या, थोडे पेले, वाडगे, आणि मधल्या कपाटात एक मोठी निळसर हिरवी बरणी. कुप्यांविषयी एक गोड गोष्ट जगभर पसरलेली आहे. घरातलं माणूस गेलं की मागे राहिलेले लोक त्यांत आपले अश्रू साठवत आणि कुपी त्याच्याबरोबर पुरत. जितकी कुपी भरलेली तितकी माया जास्त. ही गोष्ट फार नंतरच्या लोकांनी रचलेली आहे. कुप्यांत सुगंधी तेल असायचं, प्रेताला चोळायला आणि चितेवर ओतायला. काही कुप्या चितेतच वितळून वाकड्या झालेल्या सापडतात, तशा दोन आमच्याकडे आहेत.

माझी सगळी नोकरी काचेतच गेली. दक्षिण जर्सीत औषधांच्या कुप्या बनवणाऱ्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं क्वालिटी लॅबमध्ये होते, त्यातली शेवटची बारा वर्षं लॅबची प्रमुख. कुपीचं तोंड किती मिलिमीटर असलं की थेंब आत जातो आणि किती असलं की कडेवरच बसून राहतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. त्या रोमन कुपीत अश्रू पाडायचा तर डोळ्याला नळी लावावी लागेल.

आमची कोऑर्डिनेटर माझ्या मुलीपेक्षा लहान आहे. तिने एकदा मला बाजूला घेऊन प्रेमाने समजावलं, की पाहुण्यांना ती गोष्ट आवडते, ‘असं म्हणतात’ एवढं जोडून सांगितली तर काय बिघडेल. मी म्हटलं, माझ्या लॅबमधून ‘असं म्हणतात’ अशी चिठ्ठी लावून एकही खोकं बाहेर गेलेलं नाही. तुम्हाला तसंच हवं असेल तर दुसरी बाई बघा. दुसरी बाई तिला मिळाली नाही, म्हणून मी अजून आहे. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "त्या पोरीला कशाला छळतेस? एखादी खोटी गोष्ट पचवायला शीक की." मला ती कला आली नाही. त्याला यायची, तो मार्केटिंगमध्ये होता.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तो गेला. हृदयाचं दुखणं जुनं होतं, पण गेला मात्र दोन दिवसांत. पुढचे पंधरा दिवस आमचं पार्सिपनीचं घर माणसांनी भरलेलं होतं. मैत्रिणी डबे घेऊन यायच्या आणि डबा ओट्यावर ठेवता ठेवता माझ्या डोळ्यांकडे बघायच्या. "रडून घे गं, मोकळी हो," असं मला रोज कोणीतरी सांगायचं. एकीने तर मी समोर बसलेली असताना माझ्या मुलीला विचारलं, "आई रडली का?" मी रडले होते, बाथरूमचा नळ सोडून भरपूर रडले होते, पण ते तिला दाखवायला मी बांधील नव्हते. तो गेल्यानंतरच्या चौथ्या बुधवारी मी म्युझियममध्ये गेले आणि शाळेच्या मुलांना कुप्या दाखवल्या. एवढ्या लवकर कशी गेली म्हणून मागून चर्चा झाली, ती माझ्या कानावर व्यवस्थित आली.

अस्थी फ्युनरल होममधून काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात मिळाल्या. इथे अस्थी म्हणजे पूडच असते, जाडसर रव्यासारखी. डबा मी त्याच्या टेबलावर प्रिंटरशेजारी ठेवला. बाहेर जाताना ‘दूध आणायला चाललेय’ असं सांगून जायची सवय मला आठवडाभरात लागली.

माझे धाकटे दीर नाशिकला असतात. त्यांचा दर रविवारी फोन यायचा. "वहिनी, दादाला कधी आणताय?" गोदावरीत विसर्जन करायचं आणि विधी त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या पुतण्याने करायचे, कारण आम्हाला एकच मुलगी. मी एकदा म्हटलं, मुलगी आहे की, ती करेल. ते म्हणाले, "वाद नको वहिनी, फक्त वर्षाच्या आत होऊ दे." माणूस मनाने फार चांगला, पण ह्या बाबतीत पालथ्या घड्यावर पाणी.

खरं सांगायचं तर मला नवऱ्याला कुठेच न्यायचं नव्हतं. पहिल्या दिवसापासून मला ते माहीत होतं, फक्त तोंडाने म्हणायची हिंमत होत नव्हती. ह्याला कारण ती मधल्या कपाटातली बरणी. तिला दोन दुमडलेले कान आहेत, झाकण आहे, आणि एके काळी तिच्यात एका माणसाची जळलेली हाडं होती. रोमन लोक काही शतकं आपल्यासारखंच दहन करायचे. चिता विझली की घरचे लोक अस्थी वेचायचे, दुधाने आणि वाइनने धुवायचे, फडक्याने टिपून अशा बरणीत भरायचे आणि गावाबाहेर रस्त्याच्या कडेला पुरायचे. काही थडग्यांना वरून नळी बसवलेली असायची. सणाच्या दिवशी घरचे तिथे जाऊन जेवायचे आणि मेलेल्याच्या वाट्याचं त्या नळीतून आत ओतायचे. टूरमध्ये एखादं देशी पोर असलं की म्हणायचं, "Oh, that's just like us." मी म्हणायचे, सगळं आपल्यासारखंच, फक्त आपण सोडून देतो आणि ते ठेवून घ्यायचे. हे वाक्य मी इतकी वर्षं नुसतं म्हणत होते. नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा म्हटलं तेव्हा माझा मलाच राग आला, की आपण का सोडून देतो?

तरीही मी आधी वाकले. ऑक्टोबरमध्ये भाऊजी फोनवर रडले. "आईबाबा त्याच नदीत आहेत, दादा एकटाच तिकडे पडलाय," म्हणाले. पंचाहत्तरीला आलेला माणूस असा रडायला लागला तर काय करणार? मी विरघळले आणि दोन तिकिटं काढली.

एडिसन गावचे एक गुरुजी आमच्याकडच्या पूजा सांगतात. शनिवार-रविवारी पूजा आणि एरवी एका बँकेत कॉम्प्युटर सिक्युरिटीचं काम. ते म्हणाले, प्लॅस्टिकमधून अस्थी नेणं शास्त्राला धरून नाही, तांब्याचा कलश हवा. मुलगी टेक्सासमधल्या शुगर लँडहून आली होती, ती पेट्रोलियम इंजिनियर आहे. एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातून तिने चांगला जाड, मोठा कलश आणला. गुरुजींनी मंत्र म्हणून अस्थी त्यात भरल्या, वर तांब्याची तबकडी ठेवली, कडा कणकेने लिंपल्या, लाल कापड बांधलं. फार सुंदर दिसत होता कलश. आम्ही तिघंही शिकलेली माणसं. एक केमिस्ट, एक इंजिनियर आणि एक सिक्युरिटीवाला. तांब्यातून एक्स-रे जात नाही हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

विमानतळावर मशीनमध्ये कलशाच्या जागी नुसता काळा गोळा दिसला. तिथली अधिकारी बाई सभ्य होती. तिने आवाज खाली आणून सांगितलं, "मॅम, आत काय आहे ते मशीनला दिसत नाही. मृत व्यक्तीचे अवशेष आम्ही उघडत नाही, आणि न बघता पुढे सोडताही येत नाही." मुलगी म्हणाली, "आई, we have two hours. मी कुठूनतरी प्लॅस्टिकचा डबा आणते." मी गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, कणीक फोडून पिशवीत काढून घ्या, चालतंय, नंतर आपण एक छोटी शांती करून टाकू.

मला संताप आला. परवापर्यंत प्लॅस्टिक शास्त्राबाहेर होतं, आज विमान चुकतंय म्हटल्यावर चालतंय. त्या चकचकीत फरशीवर उकिडवं बसून मी माझ्या नवऱ्याला पिशवीत ओतणार नव्हते. कलश उचलून पोटाशी धरला आणि मुलीला म्हटलं, "घरी चल."

गाडीत मी पहिल्यांदा ते तोंडाने म्हटलं. "मी बाबांना नेणार नाहीये. आज नाही असं नव्हे, कधीच नाही."

दोन एक्झिट गेल्यावर ती म्हणाली, "So where's he going to be?"

"इथे. जमिनीत."

"बाबा असं कधी म्हणाले होते?"

"नाही."

"मग काकांना सांग ना, की बाबांनीच सांगितलं होतं. He'll be fine with it. कोण चेक करणार आहे?"

"मी खोटं सांगणार नाही."

"आई, please. तुझ्या या खरेपणाचा कोणाला उपयोग आहे?"

उपयोग नसेलही. पण नवऱ्याच्या तोंडी माझे शब्द घालायचे, तेही तो नाही म्हणायला नसताना, हे मला जमणार नव्हतं. उद्या मुलगी तिच्या सोयीने माझ्या तोंडी काय घालेल, असंही मनात आलं. तिला तसं म्हणाले तर ती चिडली. घरी आल्यावर तिनेच पुतण्याला फोन करून कळवलं. त्या रविवारी भाऊजींचा फोन आला नाही, पुढच्याही आला नाही.

कारखान्यात आमच्या लॅबची उपकरणं फुंकून बनवणारा एक माणूस होता. आता तो निवृत्त आहे, घरामागच्या शेडमध्ये छोटी भट्टी ठेवून फुलदाण्या करतो. दोन तास गाडी चालवून मी त्याच्याकडे गेले आणि म्युझियमच्या बरणीचं मापांसकट काढलेलं चित्र त्याच्यापुढे ठेवलं. त्याने विचारलं, आत काय ठेवणार. मी सांगितलं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि वजन किती आहे ते विचारलं. रंग निळसर हिरवाच हवा म्हणून मी त्याला चिमूटभर लोह घालायला लावलं. रोमन काचेला तो रंग वाळूतल्या लोहानेच आलेला आहे.

काच घाईने गार केली तर तिच्यात ताण राहतो आणि मग महिन्यांनी कधीतरी, कोणी हात लावलेला नसताना ती तडकते. म्हणून भट्टीतून काढल्यावर ती दुसऱ्या ओव्हनमध्ये दीड दिवस हळूहळू निववावी लागते. तिसऱ्या दिवशी मी काचेतला ताण दाखवणारी माझी जुनी पोलरायझरची काच घेऊन गेले आणि बरणी उजेडासमोर धरून फिरवली. डाव्या कानाच्या मुळाशी ताणाचा पट्टा स्पष्ट दिसत होता. मी बरणी रिजेक्ट केली. तो त्याच्या भाषेत काहीतरी वाईट बोलला आणि म्हणाला, "वीस वर्षांत तू जराही सुधारली नाहीस." दुसरी बरणी निर्दोष निघाली. ती पुसता पुसता तो म्हणाला, जमिनीत हजार वर्षं राहिली की हिच्यावर छान इंद्रधनुष्याचे रंग येतील. मी म्हटलं, तो रंग नव्हे, ओलीने काचेला लागलेला रोग आहे. पण मला बरं वाटलं, कितीतरी महिन्यांनी.

थँक्सगिव्हिंगला मुलगी आली तेव्हा आम्ही जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि कलशाची कणीक फोडली. स्वयंपाकघरातलं रुंद तोंडाचं नरसाळं बरणीवर धरून मी उभी राहिले आणि तिने ओतलं. आमच्यापैकी कोणी मंत्र म्हटला नाही. त्याच्या कपाटातलं वाळ्याचं अत्तर मी आत थोडं टाकलं. ती म्हणाली, "Smells like him going to a wedding." मग आम्ही दोघी हसलो आणि बरोबरच रडलो. झाकण मी बसवलं.

पुतण्याला हे कळलं तसा त्याचा फोन आला. पोरगं हुशार आहे. म्हणाला, "काकू, काच तर स्कॅनरमधून आरपार दिसते. मग आता प्रॉब्लेम काय आहे?" त्याचं अगदी बरोबर होतं. ही बरणी कुठल्याही विमानतळावरून सुखरूप गेली असती आणि माझ्याकडे सांगायला एकही सबब उरली नव्हती. मी म्हटलं, "प्रॉब्लेम काही नाही रे. मला आणायचं नाही." त्याने "बाबांना काय सांगू?" असं विचारलं. "हेच सांग," म्हटलं.

इथल्या लोकांनीही आपापली मतं दिली. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात एका बाईंनी सगळ्यांदेखत मला विचारलं, "काय हो, आपल्यात पुरतात का?" मी म्हटलं, "लहान मुलांना पुरतात. संन्याशांना पुरतात. नवऱ्याला पुरायला काय झालं?" त्या म्हणाल्या, अशाने आत्म्याला गती मिळत नाही. मी म्हटलं, आयुष्यभर त्याने टर्नपाइक हायवेवर गती बघितलीय, आता जरा थांबू दे. आसपासच्या दोघी-तिघी हसल्या, त्या बाईंच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे शाळेत फळ्यावर लिहिणारे हेच लोक. कोणी खरंच केलं की तोंडं वाकडी होतात.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हायवेमागच्या टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीत मी जागा घेतली, दोघांची. ऑफिसातला माणूस म्हणाला, काचेची बरणी तशीच पुरता येणार नाही, बाहेरून काँक्रीटची पेटी लागते. मी त्याला सांगितलं, की रोमन लोकही बरणी शिशाच्या नाहीतर दगडाच्या पेटीत ठेवायचे. तो म्हणाला, त्याच्याकडे फक्त काँक्रीटची आहे. बरणी खाली उतरवताना मी होते, मुलगी होती आणि तो काच फुंकणारा होता, टोपी हातात घेऊन. मला त्या दिवशी जराही अपराधी वाटलं नाही. मला वाटलं, आता दुपारी गाडी काढून इथे येता येईल.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी भाऊजींचा फोन आला. तीन महिन्यांनी. त्यांनी तब्येत विचारली नाही, मीही विचारली नाही.

"वहिनी, एकच विचारतो. दादाने तसं सांगितलं होतं का?"

एक ‘हो’ म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. ते रडले असते, पण भावाची इच्छा म्हणून त्यांनी मान्य केलं असतं आणि पुढच्या रविवारपासून फोन सुरू झाले असते. त्या घरात आता मला वहिनी म्हणणारं तेवढं एकच माणूस आहे, आणि ते मला हवं आहे.

"नाही भाऊजी. त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. ही माझी इच्छा आहे."

"म्हणजे तुम्ही त्याला अडकवून ठेवलंय."

"हो, ठेवलंय. अठ्ठेचाळीस वर्षं तुम्ही बोलावलंत तेव्हा तेव्हा ते आले. लग्नांना आले, आजारपणांना आले, आईंच्या वेळी नोकरी पणाला लावून आले. मी कधी अडवलं नाही. आता अडवलंय. मला ते इथे हवेत, मला उठून जाता येईल अशा ठिकाणी. तुम्हाला राग येणार असेल तर येऊ दे, तो मी सोसेन."

त्यांच्याकडे संध्याकाळ होती, मागे कोणीतरी देवापुढे घंटा वाजवत होतं. ती थांबली. मला वाटलं, ठेवणार आता फोन, आणि हा शेवटचा.

"तिकडे आता बर्फ असेल ना?" त्यांनी विचारलं.

"आहे. आठ-दहा इंच."

"दादाला थंडी सोसायची नाही हो वहिनी. लहानपणी माझीसुद्धा गोधडी ओढून घ्यायचा."

वर्षभरात लोकांनी मला इतकं सुनावलं, त्यातलं काहीही मला लागलं नव्हतं. हे लागलं. मी खुर्ची ओढून बसले.

"साडेतीन फूट खाली ठेवलंय त्यांना, भाऊजी," मी म्हणाले. "तो माणूस दोन फूट पुरे म्हणत होता. मी भांडून खोल खणायला लावलं. तेवढ्या खाली जमीन गोठत नाही."

"नक्की?"

"नक्की. मी स्वतः टेप लावून मोजलंय."